निरोप पोहोचतो, बोलणे होत नाही

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे मराठवाड्यातील महाविद्यालयांत आणि विद्यापीठाच्या विभागांत शिकवणाऱ्या अध्यापकांची आहेत. वेतनाविषयी लिहिणारे त्यांत थोडे. कामाच्या ठिकाणी आपल्याशी कोण, केव्हा आणि कोणत्या रीतीने बोलते, याविषयी लिहिणारे पुष्कळ. ओळख पटेल असा तपशील वगळून पत्रांचा आशय येथे दिला आहे. मी स्वतः विद्यापीठाच्या एका विभागात सव्वीस वर्षे शिकवले, दोन खेपांत मिळून सहा वर्षे विभागप्रमुख होतो, आणि पुढे आलेल्या गाऱ्हाण्यांपैकी एकदोन माझ्याविरुद्धही करता आली असती, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न : बीड जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी अकरा वर्षांपासून सहायक प्राध्यापक आहे. वेतन नियमित आहे, विषय आवडीचा आहे, मुले शिकणारी आहेत. तरीही रविवारची संध्याकाळ झाली की मन खट्टू होते. रात्री पावणेअकराला महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश येतो, ‘उद्या सकाळी ८ वाजता सर्वांनी उपस्थित राहावे’. कशासाठी, ते नसते. पाच मिनिटांत तीसपस्तीस अंगठे उमटतात, त्यांत माझाही असतो. माझा कॅसचा, म्हणजे सेवांतर्गत पदोन्नतीच्या योजनेचा, प्रस्ताव चौदा महिन्यांपासून कुठे अडकला आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. सगळे मिळत असताना असमाधानी असणे हा कृतघ्नपणा आहे का?

उत्तर : नाही, आणि आपण स्वतःला तसे दूषण देऊ नये. आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली असे मांडले की, माणसाला कामात समाधान देणारी कारणे आणि त्याला असमाधानी करणारी कारणे ही एकाच मापाची दोन टोके नसतात. हाती घेतलेले काम तडीस जाणे, त्याची कोणी दखल घेणे, कामातच गोडी असणे, जबाबदारी मिळणे यांतून समाधान येते. तर संस्थेची धोरणे, वरिष्ठांची देखरेख, आपसांतले संबंध आणि वेतन यांत खोट असली की असमाधान येते. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्तही आहे, कारण यशाचे श्रेय स्वतःकडे घेऊन अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडण्याची माणसाची सवय अशा मुलाखतींत हमखास उतरते. तरी आपल्या पत्रापुरता त्याचा उपयोग आहे. तासावर मिळणारा आनंद आणि कार्यालयात होणारा मनस्ताप हे एकाच माणसात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी नांदू शकतात. पहिला दुसऱ्याला खोडून काढत नाही. त्यामुळे ‘विषय तर आवडतो ना, मग तक्रार कसली’ हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला निरुपयोगी ठरतो.

आता त्या पावणेअकराच्या संदेशाकडे पाहू. आपल्याला सकाळी आठला जायचा त्रास आहे, असे मला वाटत नाही. परीक्षेच्या दिवसांत आपण सातलाही जात असाल. बोचते ते एवढेच की, अकरा वर्षे शिकवणाऱ्या माणसाला का बोलावले आहे हे सांगण्याची गरज कोणालाही वाटली नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत मला नेहमी आठवतो. अमेरिकेतील एका कंपनीच्या कारखान्यांत काही आठवड्यांसाठी वेतन १५ टक्क्यांनी कमी करण्यात आले. एका ठिकाणी व्यवस्थापनाने कामगारांना बसवून, आकडे दाखवून, खेद व्यक्त करून कारणे सांगितली. दुसऱ्या ठिकाणी तोच निर्णय थोडक्यात उरकला. कपात दोन्हीकडे सारखीच होती, पण दुसऱ्या कारखान्यातून वस्तू चोरीला जाण्याचे प्रमाण पहिल्यापेक्षा बरेच जास्त निघाले. अध्यापक स्टाफरूममधून खुर्च्या नेत नाहीत, हे खरे. त्यांच्याकडून जे हळूहळू कमी होते ते मोजमापात येत नाही : तास संपल्यावर शंका घेऊन आलेल्या मुलासाठी थांबणे, ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादी मनापासून करणे, शेजारच्या विभागाच्या कार्यक्रमाला न बोलावता जाणे.

कॅसचे दुखणे अधिक खोल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पहिल्या टप्प्यासाठीच पीएच.डी. असणाऱ्याला चार, एम.फिल. असणाऱ्याला पाच आणि इतरांना सहा वर्षांची सेवा लागते. त्यानंतर प्रस्तावाची अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून पडताळणी होते, विद्यापीठाकडून समितीवर तज्ज्ञ नेमले जातात, समितीची बैठक होते आणि शेवटी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती होते. या प्रत्येक पायरीवर विलंब होऊ शकतो, आणि विलंब माणूस सोसतोही. सोसवत नाही ते अंधारात बसणे. माझाच एक प्रस्ताव एका कार्यालयाच्या कपाटात आठ महिने पडून होता, कारण उजळणी वर्गाच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत सोबत नव्हती. एका कागदाचे काम, दहा मिनिटांत झाले. तेथील लिपिक अगदी सरळपणे म्हणाले, ‘सर, तुम्ही विचारलंच नाही.’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. विचारायचे कोणाला, हेच मला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून आपण ग्रुपवर काही न लिहिता प्राचार्यांच्या नावे एक पत्र द्यावे. त्यात मागील कैफियत नको, संतापही नको. प्रस्ताव आज कोणत्या टप्प्यावर आहे, त्यात त्रुटी असल्यास कोणती आणि ती केव्हापर्यंत पूर्ण करायची, एवढेच विचारावे. पत्र आवक-जावक टेबलावर देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्यावी. ‘राहू द्या सर, मी सांगतो साहेबांना’ असे कोणी म्हणाले तरी क्रमांक पडल्याशिवाय तेथून हलू नये. नोंदवहीत एकदा ओळ पडली की, त्या ओळीला उत्तर देणे ही कोणाची तरी जबाबदारी होते. आपल्याच प्रस्तावाची माहिती मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणारे अध्यापक मला भेटले आहेत. कायद्याने ते चूक नाही, पण एकाच इमारतीतल्या दोन खोल्यांमध्ये तीस दिवसांच्या मुदतीचा अर्ज फिरावा, इथपर्यंत वेळ येऊ न देणे बरे.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात विभागप्रमुख आहे. दर महिन्याला बैठक घेते, प्रत्येकाला मत विचारते, कोणी बोलत नाही. बैठक संपली की गेटसमोरच्या हॉटेलात चहावर तासभर चर्चा रंगते आणि ती माझ्यापर्यंत तिसऱ्याच माणसाच्या तोंडून येते. मी संवादाचा प्रयत्न करूनही सहकारी नाराज असतील, तर दोष कोणाचा?

उत्तर : मॅडम, आपला प्रश्न मला जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या खेपेस विभागप्रमुख असताना मी बैठकीला जाताना इतिवृत्ताचा मसुदा फाईलमध्ये घेऊनच जात असे. ‘चर्चेअंती सर्वानुमते ठरले’ हे वाक्य चर्चेच्या आदल्या दिवशीच टंकलिखित झालेले असे. मला त्यात गैर काही वाटत नव्हते. वेळ वाचतो, एवढाच हिशेब होता. एका जूनमध्ये नव्या सत्राचे कार्यभारवाटप होते. कोणी कोणता पेपर शिकवायचा, सकाळचे तास कोणाला, प्रात्यक्षिकाच्या तुकड्या कोणाला, हे सारे मी घरी बसून आखले होते. आठ मिनिटांत बैठक उरकली. शिपाई चहाचे कप घेऊन दारात आला तेव्हा सह्याही झाल्या होत्या. एक ज्येष्ठ सहकारी कप उचलत म्हणाले, ‘सर, कागद घरी पाठवला असता तर पेट्रोल तरी वाचलं असतं.’ सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र लक्षात आले की, ज्याला मी चार वर्षे एकमत समजत होतो ती नुसती शांतता होती.

एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकेन यांनी २००० साली या शांततेला ‘संघटनेतील मौन’ असे नाव देऊन तिच्या मुळाशी दोन समजुती असल्याचे सांगितले : बोलून काही उपयोग नाही, आणि बोलणे अंगाशी येते. आपल्याकडे तिसरीही आहे, असे माझे निरीक्षण आहे. विभागप्रमुख पुष्कळदा वयाने, सेवेने किंवा शिक्षक म्हणूनही वडीलधारे असतात. विभागातल्या दोघातिघांनी त्यांच्याच हाताखाली एम.ए., पीएच.डी. केलेली असते. गुरूला भर बैठकीत ‘हे मला पटत नाही’ म्हणणे आपल्या संस्कारात बसत नाही. मग ते वाक्य चहाच्या टेबलावर बसते.

दुसऱ्या खेपेस मी कोरे वेळापत्रक टेबलावर ठेवले. आयोगाच्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन असते, एवढेच वर लिहिले आणि बाकी चौकटी सर्वांनी मिळून भरायच्या असे सांगितले. तीन तास लागले. दोघांमध्ये चांगलीच खडाजंगी झाली, आणि पुढचे आठ दिवस ते एकमेकांशी बोलत नव्हते. पण त्या सत्रात वेळापत्रक बदलण्यासाठी एकही अर्ज माझ्याकडे आला नाही, आणि शनिवारचा शेवटचा तास, जो कोणालाच नको असायचा, तो एका तरुण सहकाऱ्याने आपणहून घेतला, कारण त्याच्या बदल्यात त्याला सोमवारची सकाळ मोकळी हवी होती. त्याला सोमवारी आईला डायलिसिसला न्यावे लागते, हे विभागात दोन वर्षे कोणालाच माहीत नव्हते.

तेव्हा आपण बैठकीत खरोखर न ठरलेली एक गोष्ट नेऊन पाहावी. मत विचारताना सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करावी, नाहीतर ज्येष्ठांनी बोलल्यावर बाकीचे माना डोलावतात. एखादी सूचना स्वीकारता येत नसेल तर पुढच्या बैठकीत तिचा नावानिशी उल्लेख करून का नाही ते सांगावे. सूचना नाकारली गेल्याचे माणसाला फारसे वाटत नाही, ती हवेत विरल्याचे वाटते. आणि हॉटेलातल्या चहाची काळजी सोडावी. तो चहा विभागाच्या प्रकृतीला चांगलाच असतो. घातक आहे तो तिसरा माणूस. त्याचे ऐकणे आपण आजपासून बंद केले तर वर्षभरात आपल्या बैठकीत आवाज फुटू लागेल, असे मला वाटते. जोवर त्याच्यासाठी आपले दार उघडे आहे, तोवर बाकीच्यांसाठी ते बंदच आहे.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात मी सात वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवतो. नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झाली आहे. महाविद्यालयाच्या ग्रुपमध्ये मला घेतलेले नाही, कारण तो कायम कर्मचाऱ्यांचा आहे. तास रद्द झाल्याचे वर्गात पोहोचल्यावर कळते. गेल्या पंधरवड्यात दोनदा चाळीस किलोमीटर मोटारसायकल चालवून आलो आणि फळा पुसून परत गेलो. रद्द तासाचे मानधन नसते.

उत्तर : आपल्याला संवादकौशल्याचा उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. ज्याची नेमणूक सत्रापुरती आहे, ज्याला तासावर मानधन मिळते आणि तेही महिनोन्महिने थकते, त्याच्या असमाधानाचे मूळ बोलण्याचालण्यात नाही. रिक्त पदे न भरण्यात आहे. व्यवस्थापनशास्त्राची माझ्यासारखी माणसे कधीकधी असे भासवतात की, चांगले बोलले की सगळे निभावते. गोड बोलून पेट्रोलचे पैसे निघत नाहीत.

तरीही तास रद्द झाल्याचा निरोप सकाळी सातला देण्यासाठी शासननिर्णय लागत नाही. वेळापत्रक समितीच्या प्रमुखांना भेटून, आपल्यासारख्या सर्व अध्यापकांसाठी केवळ तासांच्या बदलांचा एक वेगळा ग्रुप करण्याची विनंती करा आणि ती एकट्याने न करता सहाजणांच्या सह्यांनिशी करा. कायम अध्यापक हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगतो की, शेजारच्या खुर्चीवर सात वर्षे बसणाऱ्याचा फोन नंबर आपल्याकडे नसेल तर तो प्राचार्यांचा दोष नव्हे.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरहून जालना जिल्ह्यातील महाविद्यालयात अप-डाऊन करते. माझी बस पाच वीसला असते. संस्थेचे आणि महाविद्यालयाचे महत्त्वाचे निर्णय त्यानंतर, कार्यालयातल्या गप्पांत होतात. दुसऱ्या दिवशी मला ‘ठरलं आहे’ एवढेच कळते. स्त्री-अध्यापकांपैकी बहुतेकींची हीच स्थिती आहे.

उत्तर : गप्पा थांबवता येणार नाहीत आणि थांबवूही नयेत, पण गप्पांत झालेल्या गोष्टीला निर्णय म्हणण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यात अध्यापकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असतात, त्यांत स्त्री-प्रतिनिधीही असते आणि समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. आपल्याकडे ही निवड बहुधा बिनविरोध होते, म्हणजे नाव कोणीतरी सुचवते आणि बाकीचे ‘असू द्या’ म्हणतात. पुढच्या वेळी आपण उभ्या राहा. तोपर्यंत प्रतिनिधींकडून बैठकीची विषयपत्रिका आधी आणि इतिवृत्त नंतर सर्व अध्यापकांना मिळावे, अशी लेखी मागणी करा आणि ‘ठरलं आहे’ या वाक्यावर ‘कोणत्या बैठकीत?’ एवढेच शांतपणे विचारत जा.

प्रश्न : कामाच्या ठिकाणचा संवाद आणि अध्यापकांचे समाधान, या विषयावर मराठवाड्यातील महाविद्यालये घेऊन पीएच.डी. करण्याचा माझा विचार आहे. प्रश्नावली कोणती वापरावी? काही सूचना कराल का?

उत्तर : या क्षेत्रात सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली कॅल डाउन्स आणि मायकेल हेझन यांची, १९७७ सालची. तिच्यात संवादाविषयीच्या समाधानाचे आठ पैलू मानले आहेत : संवादाचे एकूण वातावरण, वरिष्ठांशी संवाद, आपल्या कामाशी व संस्थेशी जोडणारी माहिती, माध्यमांचा दर्जा, सहकाऱ्यांमधील आडवा व अनौपचारिक संवाद, संस्थेच्या एकूण स्थितीविषयी माहिती, स्वतःच्या कामाविषयी अभिप्राय आणि हाताखालच्यांशी संवाद. शेवटचा पैलू केवळ देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी आहे. विद्यापीठाच्या विभागांत प्रमुखपद आळीपाळीने फिरते, आज ज्यांची सही लागते ते उद्या पुन्हा साधे सदस्य होतात. त्यामुळे हा पैलू आपल्याकडे जसाच्या तसा लागू करू नये.

नमुना निवडताना छत्रपती संभाजीनगर शहरातील दहा महाविद्यालये घेऊन प्रबंधाला ‘मराठवाड्यातील अध्यापक’ असे नाव देऊ नका. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९९४ साली नामविस्तार झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे आहेत. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली. किनवट किंवा भूमसारख्या तालुक्यातील अध्यापकाला विद्यापीठात एक कागद देण्यासाठी पूर्ण दिवसाची रजा घालवावी लागते. त्याचे ‘माध्यमांचा दर्जा’ या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या आवारात बसणाऱ्यापेक्षा वेगळे येणारच. परभणीच्या कृषी विद्यापीठातील अध्यापकांकडे अध्यापनाच्या जोडीला संशोधन आणि विस्तारकार्यही असते, त्यांची रचना वेगळी आहे. त्यांना घ्यायचे तर स्वतंत्र गट करा.

संवाद आणि समाधान यांत संबंध आढळेल, याची मला जवळपास खात्री आहे. एकाने दुसरे घडवले, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. मुळात आनंदी असलेल्या माणसाला साहेबांचे बोलणेही गोड लागते. संवादाची आणि समाधानाची अशा दोन्ही प्रश्नावल्या एकाच बैठकीत एकाच माणसाने भरल्या की हा घोळ वाढतो. शक्य असेल तर सत्राच्या आरंभी एक आणि शेवटी दुसरी भरून घ्या. प्राचार्यांच्या कार्यालयामार्फत वाटलेली आणि तिथूनच गोळा केलेली प्रश्नावली मुळीच वापरू नका. स्वतः स्टाफरूममध्ये बसा, बंद पाकिटे घ्या, विभागाचे नाव विचारू नका; चार जणांच्या विभागात नाव न लिहिता विभाग लिहिला तरी माणूस ओळखू येतो.

आणि अनुवाद जपून करा. ‘आपल्या कामाविषयी फीडबॅक मिळतो का?’ असा प्रश्न मी एका मसुद्यात पाहिला होता, आणि जवळजवळ सर्वांनी ‘होय’वर खूण केली होती. विचारल्यावर कळले की, आपल्या महाविद्यालयांत ‘फीडबॅक’ म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलसाठी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेला फॉर्म. वरिष्ठांनी कधी दोन शब्द सांगितले का, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मराठी मसुदा तयार झाला की पाचसहा अध्यापकांकडून तो मोठ्याने वाचून घ्या, कुठे अडखळतात आणि कोणत्या शब्दाचा काय अर्थ लावतात ते समासात टिपा, आणि मगच छपाईला द्या.